बोर्दोच्या फेरफटक्यात कालवं: पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी

कोकणात कालवं ओहोटीला खडकावरून फोडून आणतात, बाजारात सोललेल्या गराचे वाटे लावतात आणि घरी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवतात. फ्रान्समध्ये तेच कालव शिंपल्यासकट जिवंत विकतात, गिऱ्हाइकासमोर उघडतात आणि कच्चंच खातात. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाची अडचण बहुधा या कच्चेपणापाशी होते. धीर करून मागवलं जातं ते मोठ्यातलं मोठं कालव, तेही संध्याकाळी, चौकातल्या महागड्या टेबलावर. मग ते लिंबात बुडवून न चावता गिळलं जातं आणि ‘यात काय आहे एवढं?’ असा प्रश्न पडतो. चव मिळायची असेल तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: सकाळची वेळ, लहान आकार आणि एका बैठकीला सहाच.

त्यासाठी फ्रान्समधलं सोयीचं शहर बोर्दो. ते समुद्रकाठी नाही. शहरातून वाहणाऱ्या गारोन नदीला भरती-ओहोटी असली तरी तिचं गढूळ पाणी पाहून बिचकू नका, कालवं त्या नदीतली नसतात. ती येतात साठेक किलोमीटरवरच्या आर्काशोंच्या खाडीतून, शिवाय उत्तरेकडच्या मारेन-ओलेरोंहून, ब्रिटनी आणि नॉर्मंडीहून.

कधी जायचं

कालवं वर्षभर मिळतात, पण सप्टेंबर ते एप्रिल हा काळ सर्वात चांगला. नावात ‘र’ असलेल्या महिन्यांतच कालवं खावीत, असा फ्रेंच लोकांचा जुना नियम आहे. त्यामागचं कारण आजही खरं आहे. उन्हाळ्यात कालवं प्रजननाच्या तयारीत असतात, तेव्हा त्यांचा गर पांढुरका, दुधाळ आणि पिठूळ लागतो. तो खायला हरकत नसते आणि काहींना आवडतोही, पण पहिला अनुभव म्हणून तो घेऊ नये. काही उत्पादक गुणसूत्रांचे तीन संच असलेली कालवं वाढवतात. ती अंडी घालत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यातही दुधाळ होत नाहीत. पाटीवर तसं लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर ‘लेतझ’, म्हणजे दुधाळ, आहेत का हे विक्रेत्याला सरळ विचारा. तो खरं सांगतो, कारण दुधाळ कालवं मुद्दाम मागणारी गिऱ्हाइकंही त्याच्याकडे असतात.

आठवड्यातला दिवसही महत्त्वाचा. मार्शे दे कापुसँ हा शहराचा मुख्य छपराखालचा बाजार सोमवारी बंद असतो. मंगळवार ते रविवार तो सकाळपासून दुपारी दीड-दोनपर्यंत चालतो. सकाळी साडेदहा ते बाराच्या दरम्यान पोचा. त्याआधी पोट तयार नसतं, त्यानंतर जागा मिळत नाही. रविवारी साडेअकरानंतर तर उभं राहायलाही मुश्कील होते. एकच दिवस हाताशी असेल तर तो रविवारच असावा, कारण त्याच सकाळी नदीकाठी शार्त्रोंचा दुसरा बाजारही भरतो आणि एका फेरफटक्यात दोन्ही साधतात.

वाट

सँ-झां रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून कूर द ला मार्न या सरळ रस्त्याने चालत निघालात की पंधरा-वीस मिनिटांत कापुसँ येतं. ट्रामने येत असाल तर बी मार्गावरच्या व्हिक्त्वार थांब्यावर उतरा, तिथून बाजार पाच मिनिटांवर आहे. कालवांचे गाळे बाजाराच्या आतच आहेत. बर्फाच्या किंवा समुद्री शेवाळाच्या थरावर मांडलेली कालवं आणि शेजारी उंच टेबलांवर पांढऱ्या वाइनचे पेले दिसले की तुम्ही योग्य जागी आहात. इथे पहिली सहा खायची.

तिथून सहा-सात मिनिटांवर सँ मिशेलचं चर्च आहे. त्याचा ११४ मीटर उंच मनोरा चर्चपासून सुटा उभा आहे आणि रविवारी त्याच्या पायथ्याशी जुन्या वस्तूंचा बाजार मांडलेला असतो. पुढे नदीवर या. डावीकडे १८२२ सालचा दगडी पूल दिसेल, तुम्ही नदी उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत राहा. प्लास द ला बूर्स हा चौक आणि त्यासमोरचा ‘पाण्याचा आरसा’, म्हणजे फरशीवरचा उथळ पाण्याचा थर, मागे टाकून, कँकोंसचं मोठं मैदान ओलांडलं की शार्त्रोंचा काठ लागतो. कापुसँपासून इथवर तीन-साडेतीन किलोमीटर होतात. सगळी वाट सपाट आहे आणि रमतगमत दीड तास लागतो. पहिली सहा कालवं जिरून पुन्हा भूक लागायला तेवढा वेळ पुरतो. दुसरी सहा शार्त्रोंच्या बाजारात, नदीकडे तोंड करून खा. हा बाजारही दुपारी दोनच्या सुमारास आवरतो. परतताना काठावरूनच बी ट्राम मिळते.

प्लास द ला बूर्सच्या आसपासच्या हॉटेलांतही कालवं मिळतात, पण तिथे पैसे मुख्यतः खुर्चीचे आणि देखाव्याचे जातात. पहिल्यांदा खाणाऱ्याने बाजारातच खावं, हे आमचं ठाम मत आहे. तिथे माल सतत खपत असल्याने तुमच्या ताटलीतलं कालव दोन मिनिटांपूर्वी उघडलेलं असतं.

पाटी कशी वाचायची

गाळ्यावरच्या पाटीवर तीन गोष्टी असतात: कुठली कालवं, कोणता प्रकार आणि कितव्या क्रमांकाची. पहिल्यांदा जाणाऱ्याचा सर्वात जास्त गोंधळ क्रमांकात होतो, कारण हे आकडे उलटे चालतात. आकडा जितका मोठा, तितकं कालव लहान. खोलगट कालवांचं शिंपल्यासकट एका नगाचं वजन असं: ५ क्रमांकाचं ३० ते ४५ ग्रॅम, ४ क्रमांकाचं ४६ ते ६५, ३ क्रमांकाचं ६६ ते ८५, २ क्रमांकाचं ८६ ते ११०, १ क्रमांकाचं १११ ते १५० आणि त्याहून जड ते ०. बाजारात ३ क्रमांक सर्वाधिक चालतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने मात्र ४ घ्यावा. त्यातला गर एका घासात मावतो, नीट चावता येतो आणि तोंडात काहीतरी अवजड आल्यासारखं वाटत नाही. २ आणि १ क्रमांक सरावल्यानंतरचे. ० क्रमांकाचं कालव कच्चं खाण्यापेक्षा भट्टीत भाजायला बरं.

प्रकार मुळात दोन. खोलगट शिंपल्याचं ते ‘क्रझ’, चपट्या गोल शिंपल्याचं ते ‘प्लात’. बाजारात दिसणारी बहुतेक कालवं क्रझ असतात आणि त्यांचं मूळ जपानी आहे. या किनाऱ्यावरची मूळ जात चपटी. १८६८ मध्ये पोर्तुगीज कालवं घेऊन निघालेलं एक जहाज वादळामुळे जिरोंद या बोर्दोजवळच्या नदीमुखाशी अडकलं. माल खराब झाला असं समजून तो पाण्यात टाकून दिला गेला. त्यातली जिवंत राहिलेली कालवं किनाऱ्यावर पसरली आणि शंभर वर्षं इथल्या व्यवसायाचा आधार झाली. १९७०च्या आसपास रोगाने ती जवळजवळ संपली, तेव्हा जपानी जात आणून सोडण्यात आली. चपटी कालवं आजही मिळतात, पण कमी आणि महाग. त्यांची चव तुरट, धातूसारखी आणि बराच वेळ रेंगाळणारी असते. सुरुवात त्यांच्यापासून करू नका. त्यांचे आकडेही वेगळे असतात आणि मोठ्या आकारांना शून्यावर शून्यं चढत जातात.

‘फिन’ आणि ‘स्पेसियाल’ हे शब्द गराच्या प्रमाणाबद्दल आहेत. कालवाच्या एकूण वजनात निथळलेला गर साडेसहा ते साडेदहा टक्के असेल तर ते फिन, त्याहून जास्त असेल तर स्पेसियाल. म्हणजे ७० ग्रॅमच्या फिन कालवात गर जेमतेम पाच ते सात ग्रॅम असतो, बाकी शिंपला आणि पाणी. फिन पाणीदार आणि खारट लागतं, स्पेसियाल मांसल आणि गोडसर. कच्च्या मांसाच्या स्पर्शाची धास्ती असेल तर फिन घ्या. शिंपल्या-खेकड्यांची सवय असेल तर थेट स्पेसियालला हरकत नाही.

‘फिन द क्लेर’ असं लिहिलेलं असेल तर ती कालवं मारेन-ओलेरोंच्या परिसरातली. तिथे जुन्या मिठागरांच्या जागी चिकणमातीची उथळ तळी आहेत, त्यांना क्लेर म्हणतात. समुद्रातून काढलेली कालवं विक्रीआधी काही आठवडे त्या तळ्यांत ठेवतात. त्यामुळे खारटपणा उतरतो आणि चव मऊ होते. काही तळ्यांतल्या एका सूक्ष्म निळ्या शेवाळामुळे कालवाच्या कडा हिरव्या होतात. हिरवी झालर दिसली म्हणून ताटली परत करू नका, त्या हिरव्या कालवांना जास्त भाव असतो.

आर्काशोंच्या कालवांना तळ्यांचा मुक्काम नसतो, म्हणून ती जास्त खारट आणि समुद्राच्या जवळची लागतात. दोन्हींतला फरक कळायला सोपी युक्ती आहे: तीन आर्काशोंची आणि तीन फिन द क्लेर, एकाच क्रमांकाची मागवा. आधी क्लेरची खा, मग आर्काशोंची. उलट क्रमाने खाल्लीत तर क्लेरची फिकी वाटतील.

मागवणं

आधी ‘बोंझूर’. हे न म्हणता थेट मागणी केली तर फ्रान्समध्ये तो उद्धटपणा समजला जातो आणि त्याचा परिणाम सेवेवर दिसतो. मग ‘सिझ उईत्र, न्युमेरो कात्र, सिल वू प्ले’, म्हणजे चार क्रमांकाची सहा कालवं, कृपया. तिथेच खायची असतील तर ‘सुर प्लास’, न्यायची असतील तर ‘आ आँपोर्ते’. कालवं सहा, नऊ आणि बाराच्या हिशेबात मिळतात. बऱ्याच गाळ्यांवर सहा कालवं, पाव, लोणी आणि पांढऱ्या वाइनचा एक पेला असा ठरलेला बेत असतो. त्याचा भाव फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण किमान रकमेची अट असू शकते, म्हणून वीस-तीस युरो रोख जवळ असू द्या. दारू घेत नसाल तर ‘काराफ दो’ मागा, म्हणजे साधं पिण्याचं पाणी मिळेल. त्यात संकोचाचं काही कारण नाही.

ताटली समोर आल्यावर

खाण्याआधी बघा. चांगलं कालव ओलं, चमकदार आणि पाण्यात बसलेलं दिसतं. गराच्या कडेची काळसर झालर काट्याने हळूच टोचली की ती जिवंत कालवात किंचित आकसते. मोठी हालचाल दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. शिंपला कोरडा, गर चोपलेला आणि झालर अजिबात न हलणारी असेल तर ते बाजूला ठेवा आणि विक्रेत्याला दाखवा. तो वाद न घालता बदलून देतो. वास ओहोटीच्या वेळच्या समुद्रासारखा ताजा हवा. कुजका किंवा उग्र वास आला तर चाखूनही पाहू नका, कारण एक खराब कालव पूर्ण दिवस बिघडवतं.

मग पाणी. शिंपल्यातलं पहिलं पाणी हे मुख्यतः समुद्राचं पाणी, ते फार खारट असतं. थोडं ओतून टाका. काही मिनिटांत कालव स्वतः पुन्हा पाणी सोडतं, ते सौम्य आणि चवदार असतं. गाळ्यावर उघडणाऱ्याने हे आधीच केलं असेल तर पुन्हा ओतू नका, नाहीतर कालव कोरडं पडेल.

छोट्या काट्याने गर खालच्या शिंपल्यापासून सोडवून घ्या. उघडणाऱ्याने स्नायू कापलेला असला तरी एखादा धागा चिकटलेला राहतो. तो न सोडवता शिंपला तोंडाला लावला की अर्धा गर तोंडात आणि अर्धा शिंपल्यात, असा विचका होतो. शिंपल्याचा पातळ, रुंद काठ ओठाला लावा आणि गर पाण्यासकट तोंडात घ्या. आणि चावा. तीन-चारदा तरी चावा. न चावता गिळलं तर फक्त खारट पाणी कळतं. गोडवा आणि शेवटी येणारी काकडीसारखी किंवा ओल्या बदामासारखी चव गरात असते आणि ती दाताखालीच सुटते. ‘कालवाला चवच नाही’ म्हणणारे बहुतेक जण न चावणारे असतात.

पहिलं कालव काहीही न लावता खा. दुसऱ्यावर लिंबाचे दोन थेंब. तिसऱ्यावर बारीक चिरलेल्या छोट्या कांद्याचा व्हिनेगर, अर्धा चमचाभर. त्यातलं आवडेल ते उरलेल्या तिघांवर. आपल्याकडे माशावर लिंबू सढळ पिळायची सवय असते, ती इथे आवरा. लिंबाची फोड पूर्ण पिळली की सहाच्या सहा कालवांची चव एकसारखी होते. तिखटाची तहान लागली तर काही गाळ्यांवर टबॅस्को असतो, पण तो शेवटच्या कालवासाठी ठेवा. कालवं बर्फावर बराच वेळ पडून फार गार झाली असतील तर दोन मिनिटं थांबा, अतिगार कालवाची चव जिभेला कळत नाही.

मध्ये मध्ये राय (rye) या धान्याच्या काळसर पावाचा तुकडा, त्यावर खारं लोणी. पाव फक्त पोट भरायला नसतो, तो जिभेवरचा खारटपणा पुसतो आणि पुढचं कालव पुन्हा स्वच्छ लागतं.

बोर्दोची खास रीत अशी की कालवांबरोबर गरमागरम ‘क्रेपिनेत’ खातात. ती चरबीच्या जाळीदार पडद्यात गुंडाळलेली चपटी, भाजलेली सॉसेज असते. एक घास गरम, मसालेदार मांसाचा, लगेच एक गार कालव आणि मग वाइनचा घोट. ऐकायला विचित्र वाटलं तरी गरम आणि गार, चरबी आणि खारट पाणी यांची जोडी फार सुरेख जमते. क्रेपिनेत सहसा डुकराच्या मांसाची असते. ते वर्ज्य असेल तर मागवण्याआधी ‘पोर?’ एवढं विचारलं तरी पुरे.

वाइनचं शहर म्हणून इथे लाल वाइन मागवायचा मोह होतो. कालवांबरोबर ती घेऊ नका, तोंडात लोखंडासारखी चव येते. आंत्र-द-मेर किंवा ग्राव्हची कोरडी पांढरी वाइन मागा. सहा कालवांना एक पेला पुरतो, कारण पुढे तीन किलोमीटर चालायचं आहे.

कालवांपलीकडचं

कच्चं नकोच असेल, तरी गाळ्यावरून रिकाम्या हाताने परतायचं कारण नाही. ब्युलो हे मोठ्या गोगलगाईसारखे समुद्री शंख उकडून, गार करून मेयोनेजबरोबर देतात. तोंडावरची कडक चकती काढून टाका, टाचणी किंवा छोटा काटा मांसात रोवा आणि शंख फिरवत गर ओढा. सरळ हिसका दिला तर अर्धा आतच तुटतो. शेवटचा मऊ, काळपट पीळ काही खातात, काही काढून टाकतात. बिगोर्नो हा तसाच, पण नखाएवढा शंख. त्याला टाचणी आणि भरपूर सवड लागते. उकडलेली कोळंबी डोक्यासकट येते, ती हातांनीच सोलायची.

काळे शिंपले, म्हणजे गोव्याकडच्या शिणाण्यांची युरोपी भावंडं, पांढऱ्या वाइनच्या वाफेवर उघडलेली मिळतात आणि सोबत तळलेले बटाटे असतात. पहिला शिंपला काट्याने खा, मग त्याच रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून बाकीचे ओढा. बरेच फ्रेंच लोक असंच खातात. एखाद्यात वाटाण्याएवढा खेकडा निघाला तर घाबरू नका, तो शिंपल्यात राहणारा निरुपद्रवी पाहुणा आहे. किनाऱ्यावर उत्तरेकडे, ला रोशेलच्या बाजूला, ‘मुक्लाद’ नावाच्या पदार्थात याच शिंपल्यांच्या क्रीमच्या रश्शात करी पावडर किंवा केशर पडतं. बंदरात उतरणाऱ्या मसाल्यांचा तो माग आहे. बोर्दोतल्या एखाद्या फळ्यावर तो दिसला तर जरूर मागवा.

पालूर्द म्हणजे आपल्या तिसऱ्यांची जात, ती इथे कच्चीही खातात. मोठ्या थाळ्यात खेकडा, शेवंडीची भावंडं, शंख, कालवं सगळं एकत्र येतं. तो बेत चार माणसांचा आणि दोन तासांचा आहे, फेरफटक्यात बसत नाही.

कुणी खाऊ नये

इथे हयगय नको. गर्भवती, लहान मुलं, वृद्ध, यकृताचा आजार असलेले, अनियंत्रित मधुमेह असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी कच्ची कालवं खाऊ नयेत. शिजवलेली चालतील. शिंपल्यांची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर शिजवलेलीही नकोत. लिंबू, व्हिनेगर, वाइन यांनी जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. कच्च्या शिंपल्यांतून हिपॅटायटिस ए होऊ शकतो, तेव्हा प्रवासाआधी त्याच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

कालव दिवसभर समुद्राचं पाणी गाळत असतं, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्यात साठतं. जोरदार पावसात सांडपाणी खाडीत आलं की नोरोव्हायरसचा धोका वाढतो. २७ डिसेंबर २०२३ रोजी आर्काशोंच्या खाडीतल्या शिंपल्यांच्या विक्रीवर याच कारणाने काही आठवड्यांची बंदी आली होती, ऐन नाताळाच्या हंगामात. अशा बंद्या जाहीर होतात आणि पाळल्या जातात. म्हणून मुसळधार पावसाच्या आठवड्यानंतर जात असाल तर जिरोंद जिल्ह्याच्या (बोर्दो आणि आर्काशों याच जिल्ह्यात आहेत) प्रशासनाच्या संकेतस्थळावर नजर टाका. नोरोव्हायरसची लक्षणं खाल्ल्यानंतर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत दिसतात, तेव्हा परतीच्या लांब विमानप्रवासाच्या आदल्या दिवशी कच्ची कालवं नकोत. सहलीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हा बेत ठेवा. उलट्या-जुलाब थांबत नसतील तर १५ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करा. साध्या त्रासाला हिरव्या क्रॉसचं औषधांचं दुकान पुरतं.

अर्धा दिवस जास्त असेल तर

सँ-झां स्टेशनातून आर्काशोंची लोकल गाडी पकडा, प्रवास पाऊण ते एक तासाचा. थेट आर्काशोंला जाण्यापेक्षा थोडं आधी ग्युजाँ-मेस्त्राला उतरा. या गावाला कालवांची सात छोटी बंदरं आहेत. स्टेशनाजवळच्या लारोस बंदरावर कालवांच्या व्यवसायाचं छोटं संग्रहालय आहे. आधी ते बघा, म्हणजे पुढचं सगळं समजतं: चुन्याने माखलेल्या कौलांवर कालवांची पिल्लं कशी चिकटतात, ती खरवडून जाळीच्या पोत्यांत कशी भरतात आणि विक्रीजोगं कालव व्हायला तीनेक वर्षं का लागतात. भरतीला ही खाडी १५५ चौरस किलोमीटर असते, ओहोटीला पाणी उरतं जेमतेम ४०वर. एवढं पाणी रोज दोनदा आत-बाहेर होतं, म्हणून इथली कालवं इतकी खारट. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून ओहोटीच्या वेळी पोचलात तर लोखंडी मंचांवर रचलेली पोती उघडी पडलेली दिसतात.

बंदरावरच्या लाकडी खोपट्यांत उत्पादक स्वतःची कालवं खाऊ घालतात. तिथे स्वयंपाक नसतो: कालवं, कोळंबी, ब्युलो, पाव, लोणी, पांढरी वाइन, संपलं. बरोबरची मंडळी शाकाहारी असतील तर त्यांची सोय आधीच करून घ्या, खोपट्यात त्यांना पावाशिवाय फारसं काही मिळणार नाही. बोर्दोच्या बाजारात मात्र चीज, फळं, भाज्यांचे पदार्थ भरपूर आहेत.

खोलीवर न्यायची असतील तर

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर डझनभर बंद कालवं विकत घ्या. लाकडी किंवा पातळ पट्ट्यांच्या टोपलीवर आरोग्य खात्याची चिठ्ठी असते, तिच्यावरची बांधणीची तारीख बघा. त्या तारखेपासून आठवडाभराच्या आत खायची असं धरून चाला. खोलगट बाजू खाली ठेवून, एकावर एक घट्ट रचून, वर वजन ठेवा म्हणजे ती उघडून पाणी सांडत नाहीत. फ्रीजमधला खालचा, भाज्यांचा कप्पा योग्य. नळाच्या पाण्यात कधीही बुडवू नका, गोड्या पाण्यात ती मरतात. प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीतही गुदमरतात. उघडण्याआधी ज्याचा शिंपला उघडा आहे त्यावर टिचकी मारा. मिटलं तर ठीक, नाहीतर फेका. तिसऱ्यांना घरी हीच कसोटी लावतात.

सुरी आखूड, जाड पात्याची आणि मुठीला अडसर असलेली घ्या, बाजारात पाच-दहा युरोंत मिळते. स्वयंपाकाची टोकदार सुरी वापरली की ती घसरून तळहातात शिरते. डावा हात चौपदरी जाड फडक्यात गुंडाळा. कालव खोलगट बाजू खाली, टोकाकडची बिजागरी तुमच्याकडे, असं धरा. बिजागरीपासून दोन-तृतीयांश अंतरावर, उजव्या काठाला, आत स्नायू असतो. तिथल्या फटीत पातं हलवत हलवत घुसवा. अंगठा पात्यावर असा ठेवा की टोक सेंटीमीटरभरच आत जाईल. जोर लावायचा नाही, पातं पिळायचं. फट उघडली की पातं वरच्या झाकणाला घासत सरकवा, स्नायू तुटतो आणि झाकण सुटतं. कवचाच्या कपच्या बोटाने काढा, पाण्याने धुऊ नका. पहिलं पाणी ओता, कालव आडवं ठेवा, पुढचं घ्या. नवख्याला एका कालवाला तीन-चार मिनिटं लागतात, डझनाला पाऊण तास धरा. तेवढा धीर नसेल तर गाळ्यावरच ‘उव्हेर्त’, म्हणजे उघडून, मागा. अशी उघडलेली कालवं गार ठेवून दोन तासांच्या आत संपवायची.

रिकामे शिंपले त्याच संध्याकाळी दोन पिशव्यांत बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाका. सकाळपर्यंत खोलीत राहिले तर वास पडद्यांतही बसतो.